कान्हेरीचा एक द्रम्म

(चँडलर, ॲरिझोना येथे आपल्या मराठीभाषक कुटुंबांच्या रविवारच्या सभेत दिलेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून.)



व्याख्यानाचा विषय कळल्यावर आपल्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला विचारले, "बाई, आपल्या सभेत बौद्ध भिक्षूंच्या गुहांचे काय काम?" प्रश्न रास्त आहे. सिनाय पर्वतावर मिळालेल्या आज्ञांत मूर्तीपुढे न वाकण्याची आज्ञा आहे, आणि आपल्या वाडवडिलांनी कोकणात शतकानुशतके चहूबाजूंनी देवळे असताना ती पाळली. मी ज्या ठिकाणाविषयी बोलणार आहे तेथे मूर्ती पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी मी आज फारसे बोलणार नाही. मला बोलायचे आहे ते तेथील पाण्याविषयी आणि हिशेबाविषयी. एखादी छोटी मंडळी आपले घर कशी उभारते, कोणाच्या पैशावर चालवते आणि शेवटी त्या घरातून काय उरते, हा प्रश्न सध्या आपल्यापुढेही आहे.

मी ठाण्यात वाढले आणि तेथेच शाळेत इतिहास शिकवला. ठाण्याच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. त्याच रांगेच्या पलीकडच्या अंगाला, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची लेणी आहेत. दरवर्षी मी तेथे मुलांची सहल नेत असे. मुलांचे निम्मे लक्ष डबे पळवणाऱ्या माकडांकडे असायचे, हे सांगायला हवे. तरीही त्या काळ्या डोंगरात शिरल्यावर थोडा वेळ सारेच गप्प होत. जुन्या लेखांत या जागेचे नाव कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, असे आहे. त्याचे प्राकृत कण्हगिरी झाले आणि आपल्या जिभेवर कान्हेरी.

येथे लहानमोठी शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास कामाला सुरुवात झाली, सातवाहनांच्या काळात मोठे चैत्यगृह झाले, आणि पुढे राष्ट्रकूट व शिलाहार राजांच्या काळापर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार वर्षे, भिक्षूंचा संघ येथे नांदला. अजिंठ्याची कीर्ती मोठी आहे, वेरूळची त्याहून मोठी. परंतु इतका दीर्घ काळ वसलेला आणि वापरात राहिलेला विहार म्हणून माझ्या मते कान्हेरीला तोड नाही. अजिंठा पाहताना आपण चित्रे पाहतो. कान्हेरी पाहताना एक गाव पाहतो. पायऱ्या, ओटे, राहण्याच्या खोल्या, निजायचे दगडी बाक, सभागृह, पाण्याची टाकी, आणि डोंगराच्या एका कडेला दिवंगत आचार्यांच्या स्मृतीसाठी विटांचे लहान स्तूप बांधलेली लांबलचक जागा. त्या जागेतून थोर भिक्षूंच्या नावांचे स्मृतिलेख १९७५ साली पुण्याच्या विदुषी शोभना गोखले यांच्या हाती लागले. आपल्या कबरस्तानात जसे नावापुढे वडिलांचे नाव आणि दोन चांगले शब्द असतात, तसेच तेथे गुणवर्णनाचे दोन शब्द आहेत.

लेणे कोरण्याची रीत मुलांना फार आवडे, म्हणून येथेही सांगते. घर बांधताना आपण पायापासून वर जातो. लेणे मात्र वरून खाली उतरते. पाथरवट प्रथम छत कोरून घेतो, मग हळूहळू खाली येतो. खांब हा बाहेरून आणून उभा केलेला नसतो. तो काढून न टाकलेला दगड असतो. त्यामुळे तेथे जे दिसते ते सारे कोणीतरी छिन्नी थांबवली म्हणून दिसते.

आता पाणी. येथे ॲरिझोनात राहणाऱ्यांना पाण्याची गोष्ट अधिक समजेल. मुंबईच्या डोंगरावर पाऊस चार महिने कोसळतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडे. ओढा दसरा-दिवाळीपर्यंत वाहतो, पुढे आटतो. शेकडो माणसांनी उन्हाळा काढायचा कसा? कान्हेरीच्या पाथरवटांनी डोंगराच्या पाठीवर पन्हळी कोरल्या आणि पावसाचे पाणी प्रत्येक लेण्याच्या अंगणात खोदलेल्या टाक्यात उतरवले. बहुतेक विहारांच्या दाराशी असे एक टाके आहे. काही टाक्यांत आजही मे महिन्यात पाणी असते.

या टाक्याला तेथील प्राकृत लेखांत 'पोढी' म्हटले आहे. लेणी पाहणारी मराठी माणसे आजही त्याला पोढीच म्हणतात. अशीच एक पोढी चेमुल गावच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने दान दिली. तो सोन्याचा व्यवहार करणारा होता. चेमुल म्हणजे आपले चौल, रेवदंड्याला खेटून असलेले. चेमुलचे चेऊल झाले आणि आपल्या समाजात चेऊलकर हे आडनाव आले. हिंदी चित्रपटांतील नट डेव्हिड हे चेऊलकरच. त्या सोनाराचा आणि चेऊलकरांचा रक्ताचा संबंध मी मुळीच जोडत नाही. पण गावाचे नाव एकच आहे, आणि ते अठराशे वर्षांपूर्वी एका दात्याने पाण्याच्या टाक्यावर कोरून ठेवले आहे.

पाण्याविषयी आणखी एक. आपण ज्या मातीवर राहतो तेथेही हे शहाणपण होते. डॉक्टर चँडलर या पशुवैद्याने १९१२ साली हे गाव वसवले, आणि त्याआधी कालवे खणले, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवतात. त्याच्याही कित्येक शतके आधी या खोऱ्यात होहोकाम लोकांनी हातांनी कालवे खणून मका आणि कापूस पिकवला होता. कूलिज येथील कासा ग्रांदे ही त्यांची चौदाव्या शतकातील मातीची उंच वास्तू येथून तासाभराच्या अंतरावर आहे. ती जरूर पाहावी. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती वसाहत मोडली. कालव्यांचे चर उरले. त्या माणसांनी एकमेकांना काय गोष्टी सांगितल्या, त्या लिहून ठेवलेल्या नाहीत.

येथून मी हिशेबाकडे वळते.

नवव्या शतकात उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते आणि त्यांच्यावर राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याची सत्ता होती. कान्हेरीत त्या काळाचे तीन लेख आहेत; त्यांवर शके ७६५, ७७५ आणि ७९९ अशी वर्षे आहेत. म्हणजे साधारण ८४३ ते ८७७ इसवी सन. एव्हाना डोंगर कोरण्याची धामधूम संपली होती. या लेखांत नवे भव्य लेणे कोरल्याचा डांगोरा नाही. रोजच्या खर्चाची तजवीज आहे. गौड देशाहून, म्हणजे दूर बंगालमधून आलेल्या एका उपासकाने ध्यानासाठी खोल्या करवल्या आणि शंभर द्रम्म ठेव म्हणून दिले, की ज्यातून भिक्षूंना वस्त्रे मिळत राहावीत. द्रम्म हे चांदीचे नाणे. ठेव मोडायची नाही, तिच्या उत्पन्नावर चालवायचे, अशी ही पद्धत. तिला जुन्या लेखांत अक्षय नीवी म्हणतात. आपल्याकडच्या विश्वस्तांना ही कल्पना समजावून सांगायला नको.

परंतु मला सर्वांत प्रिय लेख शके ७६५ चा आहे. शिलाहार राजा पुल्लशक्ती याच्या एका वृद्ध अमात्याने संघाला दान दिले आणि त्याची फोड करून ठेवली. वीस द्रम्म बुद्धपूजेसाठी. तीन द्रम्म विहाराच्या डागडुजीसाठी. पाच द्रम्म भिक्षूंच्या चीवरांसाठी. आणि एक द्रम्म ग्रंथांसाठी.

शाळेत मी हा लेख फळ्यावर लिहीत असे आणि मुलांना विचारत असे, की या म्हाताऱ्या कारभाऱ्याचा हिशेब तुम्हांला पटतो का? मुले लगेच म्हणत, पुस्तकांना फार कमी दिले. मी त्यांना सांगे, की दगडाच्या घरालाही डागडुजी लागते हे ज्याला कळले होते, त्याला ग्रंथांचे मोल कळत नसेल असे नाही. ताडपत्रावर नक्कल करणारे हात विहारातच होते, मजुरी द्यावी लागत नव्हती, म्हणून एका द्रम्मात भागत असेल. हे माझे अनुमान. पण आज आपण कान्हेरीला गेलो तर काय दिसते? पूजेची जागा आहे. ज्यांची डागडुजी करायची ते दगड आहेत. चीवरे गेली, ती जायचीच होती. आणि त्या एका द्रम्माच्या ग्रंथांतील एकही पान तेथे नाही. अकराव्या क्रमांकाच्या सभागृहात जमिनीला लागून दोन लांब दगडी बैठका आहेत. तेथे बसून भिक्षू जेवत की पठण करत यावर विद्वानांत दोन मते आहेत. काय पठण करत असतील ते पान मात्र त्या डोंगरात उरलेले नाही.

यानंतरची हकिगत थोडक्यात सांगते. १००९ आणि १०२१ साली काही जरथुष्ट्री मंडळी लेणी पाहायला आली आणि नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत तारखा आणि स्वतःची नावे कोरून गेली. आमच्या गृहस्थांच्या प्रश्नाला खरे म्हणजे त्यांनीच हजार वर्षांपूर्वी उत्तर दिले आहे. ती मंडळी दुसऱ्यांच्या धर्मस्थानी आली, पाहिले, आपल्या भाषेत आपल्या सनाची तारीख घातली आणि आपल्याच धर्माची राहिली. पुढे दानाचे लेख थांबतात आणि भिक्षूही दिसेनासे होतात. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगिजांकडे गेली तेव्हा फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी मोठ्या चैत्यगृहातच सेंट मायकलचे चर्च थाटले. घर रिकामे असले की त्यात कोणीही राहायला येते.

पण याच पोर्तुगिजांकडून एक विलक्षण नोंद आपल्याला मिळते. दिओगो दो कौतो हा त्यांचा इतिहासकार. तो कान्हेरी पाहायला गेला होता. हे कोणी कोरले, असे त्याने साष्टीतील एका म्हाताऱ्याला विचारले. म्हाताऱ्याने सांगितले, की संत जोसाफात याच्या पित्याने मुलाला जगापासून दूर वाढवण्यासाठी हे करवले. जोसाफात हा ख्रिस्ती संत. त्याची कथा युरोपात घरोघरी माहीत होती: राजाला भाकीत सांगतात की तुझा मुलगा संन्यासी होईल, राजा त्याला महालात कोंडतो, एके दिवशी राजपुत्राला रोगी, वृद्ध आणि मृत्यू यांची ओळख पडते, आणि तो राज्य सोडतो. कथा कोणाची हे आपण सारे जाणतो. कौतोलाही शंका आली. त्याने लिहून ठेवले, की हा जोसाफात म्हणजे या देशातील लोकांचा बुद्धच असावा.

त्याचा तर्क बरोबर होता. ही कथा हिंदुस्थानातून इराणात गेली आणि तेथून अरबीत. 'बोधिसत्त्व' या शब्दाचे अरबीत 'बूदासफ' झाले. अरबीत ब आणि य यांच्या खुणांत एकदोन टिंबांचाच फरक असतो. कोणा लेखनिकाच्या हातून टिंब हलले आणि 'यूदासफ' झाला. मग जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन अशी मजल करत तो संत जोसाफात झाला. आणि तेराव्या शतकात बार्सिलोना येथील अब्राहम इब्न हस्दाय या आपल्या विद्वानाने अरबीवरून हीच कथा हिब्रूत आणली. त्या पुस्तकाचे नाव 'बेन हामेलेख वेहानाझीर', म्हणजे राजपुत्र आणि संन्यासी. आपल्या लोकांनी ते शतकानुशतके वाचले. त्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की या राजपुत्राला वाहिलेला एक सबंध डोंगर ठाण्याजवळ कोरलेला आहे.

पाहा कसे आहे. ज्या डोंगरात ती कथा शेकडो वर्षे सांगितली गेली तेथे एक पान उरले नाही. आणि जी कथा कातडी पानांवर, कागदांवर, अनोळखी भाषांत, चुकीच्या टिंबांसह भटकत राहिली ती वाचली. हे सांगताना मला दगडाला हिणवायचे नाही. सुलसदत्ताची पोढी नसती तर उन्हाळ्यात कथा सांगायला भिक्षूच राहिला नसता.

आता आपल्याकडे येते. आपले नवगावचे सांगणे सर्वांना पाठ आहे. गलबत फुटले, सात जोडपी वाचली, पोथ्या समुद्रात गेल्या. स्मरणात राहिले ते शेमा, शनिवारची विश्रांती, सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम. त्या पुंजीवर आपले पूर्वज शनवार तेली म्हणून जगले. मुंबईला सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी शाआर हारहामीम हे आपले पहिले प्रार्थनामंदिर बांधले ते १७९६ साली. मशीद स्थानकाला नाव त्याच आपल्या 'मशिदी'वरून पडले असे सांगतात. त्याआधी कोकणात आपण दगडावर दगड ठेवून देवाचे घर बांधल्याची एकही खूण नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीची जागा आहे, तेथेही आपण काही कोरले नाही. खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली अशी श्रद्धा आहे, एवढेच. तेथे जायचे, मलिदा करायचा, परत यायचे. कान्हेरीकरांजवळ डोंगर होता आणि ग्रंथ गेले. आपल्याजवळ ना घर ना ग्रंथ, फक्त चार गोष्टी तोंडपाठ, आणि आपण उरलो. मग १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली, १८७४ साली पुण्यात चित्रांची निघाली, आणि १८८० च्या सुमारास आपली कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी आणि दिंडीत, झांजा-पेटीवर. ग्रंथ मिळाले तेव्हा आपण ते मराठीत गाऊन घेतले.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या सुमारास आपण हिंदुस्थानात वीस हजारांच्या घरात होतो. आज तेथे चारपाच हजार असू. पेण, पनवेल, अलिबाग, रेवदंडा येथील प्रार्थनामंदिरे उभी आहेत आणि थोड्याच घरांच्या जिवावर चालली आहेत. त्यांना आपण तीन द्रम्म पाठवलेच पाहिजेत, यावर येथे मतभेद नाही.

मतभेद आहे तो येथल्या पैशाविषयी. गेले वर्षभर आपण जागेचा विचार करत आहोत. भाड्याच्या दालनात सण करायचे, खुर्च्या आपणच मांडायच्या आणि आपणच आवरायच्या, याचा शीण मलाही येतो. मी जागेच्या विरोधात नाही. पण समितीने जो खर्चाचा आराखडा फिरवला त्यात जमीन आहे, छप्पर आहे, वातानुकूलन आहे, आणि ते या गावी चैन नाही हे मी जाणते. त्यात ग्रंथांच्या नावावर काही नाही. नवव्या शतकातील त्या म्हाताऱ्याने निदान एक द्रम्म लिहिला होता.

आपले ग्रंथ म्हणजे काय? तोरा आणि सिद्दूर जगभर छापले जातात, त्यांची मला धास्ती नाही. मला धास्ती आहे ती आपल्या आज्यांच्या वह्यांची. त्यांत कीर्तनाची पदे आहेत, लग्नातील मेंदीची गाणी आहेत, मलिद्याचे प्रमाण आहे, कोणाची सुंता कोणत्या पंचांगाच्या दिवशी झाली ते आहे. त्या देवनागरीत आहेत, बोरूच्या किंवा टाकाच्या अक्षरात. या सभागृहात विशीच्या आतील अठरा मुले बसली आहेत. ती माझे बोलणे समजतात, कारण मघाशी माकडांच्या गोष्टीला ती हसली. त्यांतील दोघांना देवनागरी वाचता येते. मी आजच सकाळी विचारून मोजले.

म्हणून माझी सूचना लेखी दिली आहे आणि ती पुढच्या सभेत मांडावी अशी विनंती आहे. जागेसाठी जमणाऱ्या निधीतून दर एकोणतीस डॉलरांमागे एक डॉलर वेगळा काढावा. त्यातून वह्यांची छायाचित्रे घेण्याचे यंत्र आणि मुलांना अक्षरे शिकवण्याचा खर्च व्हावा. शिकवायला मी आहे, मला मजुरी नको. पुढच्या रविवारपासून अकरा वाजता, याच दालनात. वह्या येताना ओल्या पिशवीत आणू नका, रबरी फिती काढून टाका, आणि फाटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नका. माझ्या आईच्या वहीत योसेफाच्या आख्यानाची दोन पाने उंदरांनी खाल्लेली आहेत. कोणाकडे ती पदे पुरी असतील तर कृपया मला आजच सांगा.